मूळव्याध होतीच, पण तेवढेच नव्हते: शौचावाटे रक्त जाण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४४ वर्षांच्या, विवाहित, दोन मुलांच्या आई. पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका गावी त्या खानावळ चालवतात. त्यावेळी रोज दोन्ही वेळचे मिळून चाळीस डबे जात. दिवस पहाटे साडेचारला सुरू होई, आणि शौचाची भावना झाली तरी कणीक तिंबून होईपर्यंत थांबायचे ही सवय त्यांना वीस वर्षांची होती. मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता, तंबाखू किंवा मिश्री कधीही लावलेली नव्हती. वडील वयाच्या साठीत 'पोटाच्या आजाराने' गेले, एवढेच त्यांना माहीत होते. तो आजार नेमका कोणता, हे घरात कोणाला सांगता येत नव्हते.

मी याच गावात एकोणीस वर्षे कौटुंबिक डॉक्टर म्हणून काम करते. हे प्रकरण रुग्णाच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत, मात्र लक्षणांचा क्रम, तपासण्यांचे आकडे आणि माझ्याकडून सुटलेल्या गोष्टी जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

पहिले आठ महिने

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी त्यांना शौचकूपाच्या पांढऱ्या भांड्यात लाल थेंब दिसले. दुखत काहीच नव्हते. घरात थोरल्या जावेचे मूळव्याधीचे ऑपरेशन झालेले असल्यामुळे निदान स्वयंपाकघरातच झाले: "उष्णता झालीय, मोड आला असेल." ताक वाढवले, तिखट कमी केले, रात्री इसबगोल आणि सकाळी लोण्यातून नागकेशर सुरू केले, आठवड्यातून दोनदा सुरणाची भाजी झाली. दोन-अडीच आठवड्यांत रक्त थांबले. महिन्याभराने पुन्हा दिसले, पुन्हा थांबले.

हे थांबणे आणि पुन्हा सुरू होणे नीट समजून घ्यायला हवे, कारण बहुतेकांची दिशाभूल इथेच होते. मूळव्याधीचे रक्त असे येते-जाते हे खरे आहे. पण आतड्यातील गाठीचे रक्तही असेच येते-जाते. गाठीचा पृष्ठभाग नाजूक असतो, घट्ट शौच घासून गेले की तो ओरखडतो, शौच मऊ झाले की काही दिवस शांत राहतो. त्यामुळे घरगुती उपायाने रक्त थांबले यावरून शौच मऊ झाले एवढेच सिद्ध होते; रक्त कुठून येत होते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

फेब्रुवारीत त्यांनी गावातीलच एका दवाखान्यात मलम आणि शौच साफ होण्याचे औषध घेतले. तेथे तपासणी झाली नाही. बाईंनीही ती मागितली नाही, आणि तपासणीचे नाव काढले असते तर आपण तेव्हाच उठून आलो असतो, असे त्यांनी मला नंतर स्पष्टपणे सांगितले.

मे महिन्यात त्या माझ्याकडे आल्या, पण रक्ताची तक्रार घेऊन नव्हे. जिना चढताना दम लागतो, दुपारी पोळ्या लाटताना डोळ्यांसमोर अंधारी येते, अशी तक्रार होती. हिमोग्लोबिन ८.४ ग्रॅम निघाले. लाल पेशींचा आकार मोजणारा एमसीव्ही हा आकडा ६६ होता (तो साधारण ८० च्या वर असावा लागतो) आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन अवघे ६ होते. म्हणजे लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग (अॅनिमिया), यात शंका नव्हती. मी पाळीबद्दल विचारले. पाच दिवस जाते, पहिले दोन दिवस जास्त जाते, असे उत्तर आले. मागच्या वर्षीच्या सोनोग्राफीत गर्भाशयात दोन सेंटिमीटरची एक गाठ असल्याचा उल्लेख होता. माझ्या दृष्टीने कारण सापडले होते. मी लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध आणि आहाराचा सल्ला दिला. शौचाबद्दल मी विचारले नाही.

जुलैच्या मध्यावर हिमोग्लोबिन ९.२ झाले. लोहाची गोळी नियमित घेतली आणि कुठून रक्त जात नसेल, तर महिन्याभरात ते साधारण दोन ग्रॅमने वाढायला हवे. येथे दोन महिन्यांत ०.८ ग्रॅमने वाढले होते. गोळ्या चुकवल्या जात असाव्यात, असे मी गृहीत धरले आणि तसे त्यांना बोललेही. त्यांनी रिकामी पाकिटे दाखवली. मी गोळीचा प्रकार बदलून दिला. गोळ्यांमुळे शौचाचा रंग काळपट होतो, हे मीच त्यांना आधी सांगून ठेवले होते. त्यामुळे रंगातला कोणताही बदल त्यांनी गोळ्यांच्याच खात्यावर टाकला.

प्रश्न उलगडला तो क्षण

जुलैअखेरीस त्या पुन्हा आल्या तेव्हा आमच्या सिस्टरने नेहमीप्रमाणे वजन घेतले. मे महिन्यात ५८ किलो होते, आता ५३. सिस्टर सहज म्हणाली, "काकू, जेवण जात नाही का?" बाई म्हणाल्या, "जातं की. पण सकाळी चार-चार वेळा जावं लागतं, आन् जाऊन आलं तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही. कधी नुसतं शेंबडासारखं आन् लालच पडतं." सिस्टरने ते केसपेपरवर लिहिले आणि कागद माझ्या टेबलावर सगळ्यात वर ठेवला.

मी विचारले, "ताई, हे लाल पडणं कधीपासून?"

"ते जुनंच आहे, मॅडम. दिवाळीपासनं. मूळव्याधीचं आहे ते."

आठ महिन्यांत प्रत्येक लक्षणाला आपापले निरुपद्रवी कारण मिळाले होते. रक्ताला मूळव्याध, पंडुरोगाला पाळी आणि गर्भाशयातली गाठ, हिमोग्लोबिन न वाढण्याला चुकवलेल्या गोळ्या, काळपट शौचाला लोह, घटलेल्या वजनाला उन्हाळ्यातले कष्ट. यातले प्रत्येक कारण सुटे पाहिले तर पटण्यासारखे होते. सगळी लक्षणे एका ओळीत मांडली गेली ती त्या दिवशी, वजनकाट्याजवळ.

तपासणीत काय आढळले

सुरुवातीला नकार आला. बाईमाणूस डॉक्टर आहे, दार बंद आहे, सिस्टर शेजारी उभी राहील, आणि काय करणार ते करण्याआधी सांगेन, असे समजावल्यावर त्या तयार झाल्या. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन केलेली ही तपासणी पाच मिनिटांत होते.

बाहेर चीर नव्हती, भगंदराचे तोंड नव्हते. बोटाने तपासता आतमध्ये गाठ लागली नाही. प्रॉक्टोस्कोपमधून, म्हणजे गुदद्वारातून आत पाहण्याच्या छोट्या नळीतून, मात्र दुसऱ्या श्रेणीची मूळव्याध स्पष्ट दिसली: तीन, सात आणि अकरा वाजण्याच्या जागी फुगलेले तीन कोंब, त्यातल्या एकावर ताजा लाल ठिपका.

या प्रकरणातील सर्वांत अवघड निर्णयाची जागा हीच, असे मला वाटते. काहीच सापडले नसते तर पुढे शोधणे भागच पडले असते. पण येथे रक्त येऊ शकेल असे खरेखुरे कारण डोळ्यांना दिसत होते. रुग्णाचे निदान, जावेचे निदान आणि माझी दुर्बीण तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होती.

पण मूळव्याध ही इतकी सर्वसामान्य गोष्ट आहे, की चाळिशीपुढच्या माणसांना तपासले तर पुष्कळांत ती थोडीफार सापडते. ती असण्याने वरच्या आतड्यात दुसरे काही नाही असे ठरत नाही. बोट साधारण सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते, प्रॉक्टोस्कोप जवळपास तेवढाच. एकट्या गुदाशयाची लांबी सुमारे पंधरा सेंटिमीटर असते आणि त्यापुढे जवळजवळ दीड मीटर मोठे आतडे असते. मी जे पाहिले होते, तो घराचा उंबरठा होता.

शिवाय चार गोष्टी मूळव्याधीच्या हिशेबात बसत नव्हत्या. जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना. शौचाशिवाय नुसता चिकट आव आणि रक्त पडणे. शौचाच्या सवयीत काही महिन्यांपासून झालेला बदल. आणि पाच किलो वजन घटणे. पाचवी गोष्ट पंडुरोगाची. मूळव्याधीच्या रक्ताने पंडुरोग होऊ शकतो, पण तो बहुधा पिचकारीसारखे भरपूर रक्त पुष्कळ दिवस जात असेल तेव्हा. यांचे तर थेंब होते, असे कोणी म्हणेल. पण निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते, आणि जेवणातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह शोषू शकते. रोज दोन चमचे रक्त गेले तरी जमेपेक्षा खर्च कितीतरी जास्त होतो. त्यातले बरेचसे शौचात मिसळून जाते आणि दिसतही नाही.

रक्ताची कारणे: काय कशाकडे झुकते

येथे थोडे थांबून एकूण कारणांचा विचार मांडते, कारण पुढचे पर्याय त्यावरच तोलले गेले.

शौचाच्या वेळी काचेचा तुकडा फिरवल्यासारखी कळ येत असेल, ती नंतर तासभर ठणकत असेल आणि रक्ताची एखादी रेघच दिसत असेल, तर ती बहुधा चीर असते. न दुखता शौचाच्या शेवटी टपटप लाल रक्त पडत असेल, तर बहुधा मूळव्याध. या फरकाचे कारण शरीररचनेत आहे: गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक सीमारेषा असते, तिच्या खालच्या भागाला त्वचेसारखी वेदना कळते, वरच्या भागाला कळत नाही. आतली मूळव्याध त्या रेषेच्या वर असते म्हणून दुखत नाही. गुदाशयाचा कर्करोगही त्या रेषेच्या वरच असतो आणि सुरुवातीला तोही दुखत नाही. "दुखत नाही, मग काळजी कशाची?" हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकते, आणि त्याचे उत्तर या रेषेत आहे.

रंगाचेही तसेच. काळे, डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे शौच म्हणजे बहुधा जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा रक्तस्राव; गुडघेदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांत तो पुष्कळ दिसतो. तपकिरी-लाल, शौचात मिसळलेले रक्त मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातून येते. लालभडक रक्त शेवटच्या भागातून येते; पण त्या शेवटच्या भागात मूळव्याधही असते आणि कर्करोगही. लालभडक रंगावरून जागेचा अंदाज येतो, आजाराचा येत नाही.

आव, रक्त, ताप आणि मुरडा असेल तर जंतूंची किंवा अमिबाची हगवण असू शकते. मात्र आव-रक्त दिसले की अमिबाच्या गोळ्यांचा एक कोर्स, तो संपला की दुसरा, हा आपल्याकडचा प्रघात धोक्याचा आहे. आठवडे-महिने चालणारी हगवण तरुणात आतड्याच्या व्रणांच्या दीर्घ आजाराची, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसची, असू शकते. लहान मुलांत न दुखता रक्त पडले तर बऱ्याचदा एखादी साधी पॉलिपची गाठ सापडते. वर्षानुवर्षे तासतासभर कुंथत बसणाऱ्यांत गुदाशयाला एकच व्रण होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांत महिन्या-वर्षांनंतर गुदाशयातून रक्त येऊ शकते. आणि आदल्या दिवशी बीट खाल्ले असेल तर भांड्यातला लाल रंग रक्ताचा नसतोही.

समोरचे पर्याय

बाईंचे पती दुसऱ्या दिवशी सोबत आले आणि आम्ही तिघे बोललो.

पहिला पर्याय होता, दिसलेल्या मूळव्याधीवर रबर बँड बसवून घ्यायचे, लोह चालू ठेवायचे आणि सहा आठवडे वाट पाहायची. खर्च कमी, खानावळ बंद ठेवायची गरज नाही, आणि रुग्णाचा कल याच बाजूला होता. पंचवीस वर्षांच्या, वजन स्थिर असलेल्या, पंडुरोग नसलेल्या माणसाबाबत मी हाच मार्ग घेतला असता. येथे तो घेतला असता तर बँडने मूळव्याधीचे रक्त खरोखर कमी झाले असते आणि आम्हा सर्वांना आणखी काही महिने दिलासा मिळाला असता. मला त्याचीच भीती वाटली.

पतींचे म्हणणे होते, "आधी सोनोग्राफी करू की, मॅडम. सगळं पोट दिसतं त्यात." सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड चांगले दिसते, हवा आणि मळ भरलेल्या आतड्याच्या आतला थर दिसत नाही. ती नॉर्मल आली असती तर ते खोटे आश्वासन ठरले असते. शौचातील सुप्त रक्ताच्या तपासणीचाही विचार झाला. पण ती तपासणी डोळ्यांना रक्त दिसत नसलेल्यांसाठी आहे. रक्त दिसतेच आहे तेथे तिने नवे काही कळणार नव्हते, आणि निकाल निगेटिव्ह आला असता तर उलट नुकसानच झाले असते.

छोटी दुर्बीण, म्हणजे सिग्मॉइडोस्कोपी, हा मधला मार्ग होता. ती डाव्या बाजूचे आतडे पाहते, तयारी एनिमावर भागते, खर्च कमी. केवळ लाल रक्त हीच तक्रार असती तर मी तिच्यावर थांबले असते. पण लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग उजव्या बाजूच्या आतड्यातील गाठीनेही होतो, आणि ती बाजू या दुर्बिणीला दिसत नाही.

राहिली पूर्ण कोलोनोस्कोपी, म्हणजे सगळे मोठे आतडे आतून पाहणारी लांब दुर्बीण. जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागणार, काही हजार रुपये खर्च, दोन दिवस खानावळ बंद. धोका थोडा पण शून्य नाही: नुसती पाहणी असेल तर आतड्याला छिद्र पडण्याची शक्यता सुमारे हजारात एक किंवा त्याहूनही कमी. मी हे सगळे सांगितले आणि माझे मतही सांगितले. निर्णय रुग्णाचा असतो हे खरे, पण अशा वेळी "तुम्ही ठरवा" एवढेच म्हणून डॉक्टरने गप्प बसणे मला योग्य वाटत नाही. "माझी थोरली बहीण असती तर दोन आठवड्यांच्या आत करायला लावली असती," असे मी म्हणाले. बाईंनी पतीकडे पाहिले नाही. थेट मला तारीख विचारली.

कृती

लोहाच्या गोळ्या सात दिवस आधी बंद केल्या, कारण त्यांनी शौच काळे आणि चिकट होते व आतडे नीट धुतले जात नाही. दोन दिवस आधीपासून बियांच्या भाज्या, पालेभाज्या आणि डाळींची साले वर्ज्य. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, भाताची पातळ निवळ. ताक चालत नाही, हे दोनदा सांगावे लागले. जुलाबाचे औषध निम्मे रात्री, निम्मे पहाटे. आदल्या दिवशी त्यांनी सकाळचे डबे स्वतः भरले आणि संध्याकाळपासून खानावळीच्या दारावर 'दोन दिवस बंद' अशी पाटी लावली.

कोलोनोस्कोपीत गुदद्वारापासून अकरा सेंटिमीटरवर निम्मा घेर व्यापणारी, मधोमध व्रण पडलेली गाठ दिसली. माझ्या बोटाच्या आणि प्रॉक्टोस्कोपच्या टप्प्यापासून तीन-चार सेंटिमीटर वर. आतड्याच्या त्याहून वरच्या वळणात देठ असलेला बारा मिलिमीटरचा पॉलिप होता, तो त्याच वेळी काढला. पाच दिवसांनी गाठीच्या तुकड्याचा अहवाल आला: मध्यम श्रेणीचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे आतड्याच्या आतल्या थराचा कर्करोग.

निदान सांगण्यासाठी मी त्यांना दुपारी तीनला, गर्दी नसताना बोलावले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पिशवी लागणार का?" म्हणजे शौच जमा करायला पोटावर लावतात ती. माझ्याकडे त्या क्षणी खात्रीचे उत्तर नव्हते आणि मी तसे सांगितले.

सीटी स्कॅनमध्ये छाती आणि यकृत स्वच्छ होते. ओटीपोटाच्या एमआरआयमध्ये गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर थोडी गेलेली आणि दोन लसिकाग्रंथी संशयास्पद होत्या. म्हणजे तिसरा टप्पा, पण बरा होण्याच्या हेतूने उपचार करता येतील असा. निदानापर्यंतचा खर्च घरातून झाला. पुढचा उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत, शहरातील एका संलग्न रुग्णालयात झाला. केशरी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाकडे, नोंद करायची, हे आधी माहीत असल्यामुळे दोन फेऱ्या वाचल्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किरणोपचाराच्या अठ्ठावीस बैठका आणि सोबत कॅपेसिटाबिन या कर्करोगावरील औषधाच्या गोळ्या. गाठ आक्रसण्यासाठी नऊ आठवडे थांबून शस्त्रक्रिया. गुदद्वाराचा स्नायू वाचला, आतड्याची टोके जोडली गेली, आणि तो सांधा भरून येईपर्यंत लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून तात्पुरती पिशवी ठेवली. त्यानंतर चार महिने केमोथेरपी. लहान आतड्याच्या पिशवीतून पाणी आणि मीठ भराभर जाते. दिवसाला दीड लिटरच्या वर गेले तर कळवा, असे रुग्णालयाने बजावले होते. बाईंनी त्यासाठी खानावळीतले एक जुने मापाचे भांडे बाजूला काढले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोजचा आकडा लिहिला. एप्रिलमध्ये एके दिवशी तो १८०० झाला. त्याच संध्याकाळी त्या सलाईनसाठी आल्या आणि रुग्णालयात भरती होण्याची वेळ टळली.

परिणाम

काढलेल्या आतड्याच्या अहवालात गाठ भिंतीपुरती आक्रसलेली आणि तपासलेल्या चौदाही लसिकाग्रंथी स्वच्छ आढळल्या. जुलैत पिशवी बंद झाली. आज शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली आहेत. दर तीन महिन्यांचे सीईए (कर्करोग परतल्याची सूचना देऊ शकणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे, वर्षानंतरची कोलोनोस्कोपी स्वच्छ होती, हिमोग्लोबिन १२.४ आहे.

पण सर्व पूर्ववत झाले असे लिहिणे खोटे ठरेल. गुदाशयाचा साठवणीचा भाग गेल्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा, कधी पाठोपाठ, शौचाला जावे लागते. बाहेरगावी जाताना त्या आदल्या रात्रीपासून जेवत नाहीत. ओटीपोटावरील किरणोपचारामुळे पाळी कायमची थांबली आणि पंचेचाळिशीतच गरम वाफा, झोप न लागणे सुरू झाले. याची पूर्वकल्पना त्यांना पुरेशी दिली गेली नव्हती. ते सांगणे उपचार करणाऱ्यांचे काम होते हे खरे, पण कौटुंबिक डॉक्टर म्हणून माझेही होते.

गाठीच्या पेशींची आनुवंशिक दोष सुचवणारी तपासणी नॉर्मल आली. तरीही सख्ख्या नातेवाइकांचा धोका सर्वसाधारणापेक्षा जास्त असतो, म्हणून त्यांच्या ४८ वर्षांच्या भावाला कोलोनोस्कोपी सुचवली. "मला काही होत नाही," म्हणून त्यांनी सहा महिने टाळले. राखीपौर्णिमेला बहिणीने ओवाळणीऐवजी तपासणीची तारीख मागितली. त्यात दोन पॉलिप निघाले, दोन्ही कर्करोगात रूपांतर होण्याआधीच काढले गेले. अशा पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. हाती असलेला अवधी तो हाच.

काय वेगळे करता आले असते

मे महिन्यात उपचार सुरू झाले असते तर टप्पा वेगळा असता का, हे कोणीही सांगू शकत नाही आणि मी तसा दावा करत नाही. पण निर्णयाच्या जागा दिसतात.

पाळी चालू असलेल्या स्त्रीचा पंडुरोग बहुतेक वेळा पाळीमुळेच असतो आणि अशा प्रत्येकीला कोलोनोस्कोपी करायला लावणे चूक आहे. पण पोटाची, शौचाची तक्रार आहे का हे विचारण्याला खर्च नाही. मी ते विचारले नाही, कारण मला उत्तर आधीच मिळालेले होते. आणि विचारले असते तरी "शौचातून रक्तस्राव होतो का?" या पुस्तकी प्रश्नाला त्या नाहीच म्हणाल्या असत्या, असे त्यांनीच सांगितले, त्यांच्या लेखी तो रक्तस्राव नव्हता, मूळव्याध होती. "संडासला लाल पडतं का? सकाळी किती वेळा जावं लागतं?" असे विचारले असते तर बोलल्या असत्या.

जुलैतली चूक मला अधिक बोचते. लोह देऊनही हिमोग्लोबिन पुरेसे वाढले नाही, तेव्हा गोळ्यांची पाकिटे मोजण्याऐवजी रक्त कुठून जाते आहे हे शोधायला हवे होते. मी आकड्यावर विश्वास ठेवला नाही आणि रुग्णावरही ठेवला नाही.

वजन मे महिन्यात आणि जुलैच्या मध्यावरही घेतले गेले होते, केसपेपरवर लिहिले होते. मी आधीचा आकडा पाहिला नाही. आता आमच्याकडे मागचे वजन त्याच ओळीत, शेजारी लिहिले जाते.

दाराशी आलेल्या रुग्णाला आज मी पुढीलप्रमाणे सांगते. रक्त कितीही थोडे असो, एकदा तपासून घ्यावे. चाळिशी ओलांडली असेल, शौचाच्या सवयीत तीन-चार आठवडे टिकणारा बदल असेल, वजन घटत असेल, पंडुरोग असेल, साफ न झाल्याची भावना किंवा रक्तमिश्रित आव असेल, किंवा सख्ख्या नात्यात आतड्याचा कर्करोग असेल, तर मूळव्याध दिसली तरी दुर्बिणीची तपासणी टाळू नये. आणि वाटीभर रक्त किंवा गाठी पडल्या, उभे राहता चक्कर आली, घाम फुटला, नाडी शंभराच्या वर धावू लागली, डांबरासारखे काळे शौच झाले, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना रक्त थांबेना, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

खानावळ पुन्हा सुरू आहे, आता पंचवीस डब्यांची. गेल्या महिन्यात त्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी बावीस वर्षांची आहे. तिने विचारले, "मला कधी करावी लागेल?" आईच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, म्हणजे चौतिसाव्या वर्षी, असे मी सांगितले, आणि त्याआधी कधीही लाल दिसले तर त्याच आठवड्यात. तिने तिथेच फोनमध्ये लिहून घेतले. बाई शेजारी बसून वडिलांच्या आजाराचे जुने कागद पिशवीतून काढत होत्या. गावाकडच्या पेटीत सापडलेले, पिवळे पडलेले. त्यात शस्त्रक्रियेचा एक चिटोरा आहे. तो मी वाचते आहे.